चार गिअर मागे, एक पुढे

बाकीच्या गाड्यांचं काळीज पुढे असतं. आक्काच्या गाडीचं पाठीशी होतं. एखाद्या बाईनं तान्हं पाठुंगळी बांधावं आणि डोंगर चढायला लागावं, तसं त्या बुटक्या, दोन माणसांच्या गाडीनं आपलं इंजिन मागच्या झाकणाखाली घेतलं होतं. रंग पिकल्या लिंबाचा. उंची म्हणाल तर माणसाच्या कमरेला टेकेल न टेकेल एवढी. आत बसायचं म्हणजे आधी कंबर विसरायची, मग पाय आत सोडायचे, आणि मग देवाचं नाव घेऊन उरलेलं अंग. आक्का मात्र अजूनही मांजर खिडकीतून उतरावं तशी त्यात उतरायची. तरुणपणी याच गाडीनं तिनं घाटरस्त्यांच्या शर्यती मारल्या होत्या, आणि हरलेले पुरुष हात मिळवताना गाडीकडे बघायचे, तिच्याकडे नाही.

आक्काचा धाकटा भाऊ कातारी. लेथवर लोखंड लोण्यासारखं सोलायचा. त्याची बायको मेकॅनिक. बस दुरुस्त करणाऱ्या घराण्यातली, त्यामुळे माहेरून येताना दागिन्यांपेक्षा पान्हे जास्त घेऊन आलेली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं एका गंजलेल्या नटाशी सकाळपासून दुपारपर्यंत झुंज घेतली आणि शेवटी तो नट शरण आला, तेव्हा आक्कानं तिचं नाव ठेवलं पक्कड. ते नाव असं काही चिकटलं की दारावर माणसं "पक्कडबाई आहेत का?" असं विचारत यायची. तिघंही एकाच घरात राहायची. पुढे राहण्याच्या खोल्या, मागे फरशीचं अंगण आणि अंगणापलीकडे गॅरेज.

तर झालं असं, की एका चढणीवर त्या पाठीवरच्या इंजिनाला चीर गेली. साधीसुधी नाही, मुख्य ओतकामालाच. पक्कडनं ती सांधली. पुन्हा उकलली. पुन्हा सांधली, तर शेजारून नवी गेली. तसलं दुसरं इंजिन कुठे मिळेना. बनवणारा कारखानाच कधीचा मिटला होता. शेवटी गाडीवर चादर पडली.

गाडी बंद पडली याचं पक्कडला तितकं वाईट वाटलं नाही. गाड्या बंद पडतात, म्हणून तर मेकॅनिकचं पोट चालतं. वाईट वाटलं ते आक्काचं. आक्का म्हणजे चालतीबोलती 'का' होती. दूध उतू जाताना आधी कडेनं का फुगतं? रस्त्यावरचा दिवा विझताना निळा का होतो? शेजारणीचा कुत्रा पोस्टमनवर भुंकतो आणि चोरावर नाही, असं का? जेवताना घास हातात धरून तिघं वाद घालायची, आणि कातारी म्हणायचा, "आक्का, तुझ्या का-मुळे आमटी थंड झाली." आता मात्र आक्का खिडकीशी पाठ करून बसायची. काही सांगितलं तर म्हणायची, "असेल."

त्या एका शब्दानं पक्कडचा जीव कासावीस व्हायचा. भांडली असती, टोमणे मारले असते तर चाललं असतं. नणंदेचे टोमणे म्हणजे भावजयीचा रोजचा व्यायाम. पण 'असेल'शी कुस्ती कशी खेळायची?

मग एक दिवस मोटारींच्या संग्रहालयाचे साहेब आले. सभ्य, मऊ आवाजाचे, हातात पांढरे हातमोजे. गाडीवरची चादर त्यांनी अशी उचलली, जशी झोपलेल्या लेकराच्या तोंडावरून ओढणी उचलावी. "आम्हाला ही आहे तशीच हवी," ते म्हणाले. "मूळ इंजिनासकट. चालली नाही तरी चालेल."

"चालली नाही तरी चालेल," कातारी स्वतःशीच म्हणाला. "वा. माझ्याबद्दल असं कुणी म्हणत नाही."

आक्का म्हणाली, "घेऊन जा."

"अहो आक्का!" पक्कडच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"चादरीखाली काय नि दोरीपलीकडे काय. तिथे निदान धूळ तरी पुसतील."

पक्कडनं तिला तिथल्या तिथे पकडलं. "मला एकदा हात लावू द्या. दुसरं इंजिन बसवते. तुम्ही चालवून बघा. तुमची गाडी तुम्हाला तुमची वाटली तर राहील. नाही वाटली तर मी स्वतः ढकलत साहेबांच्या ट्रकवर चढवून देईन, जुनं इंजिन पुन्हा बसवून."

आक्का म्हणाली, "तुझी पक्कड सुटणार नाही, हे मला ठाऊक आहे. कर. पण तोंडदेखलं हो म्हणणार नाही मी. नाही वाटली तर नाही."

"कबूल."

हातमोजेवाल्या साहेबांनीही मान हलवली. त्यांना घाई नव्हती. त्यांच्याकडच्या गाड्यांना कुणालाच घाई नसते.

*

नवं इंजिन मिळालं ते पाव पोचवणाऱ्या एका व्हॅनचं. व्हॅन मागून चेपली होती, पण इंजिन पुढे होतं म्हणून वाचलं. आटोपशीर, हलकं, जुन्यापेक्षा कितीतरी ताकदवान. उघडल्यावर आत तेलाच्या वासाखाली भाजलेल्या पिठाचा वास येतोय असं कातारीला वाटलं, पक्कडला नाही.

"आक्का, आता तुझी गाडी सकाळी सकाळी दारोदार पाव टाकत फिरणार," कातारीनं खडा टाकून पाहिला.

"असेल," आक्का म्हणाली.

खडा पाण्यात गेला, पण तरंग नाही उठला.

तेव्हापासून दोघंही इरेला पेटली. जुनं इंजिन उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी ओंडक्यांवर ठेवलं. गाडीची पाठ मोकळी झाली आणि आत डोकावल्यावर पक्कडला पहिल्यांदा जाणवलं, की ही गाडी बनवणारा माणूस किती चिकट हिशेबी असावा: एकही इंच उगाच सोडला नव्हता. गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवायचा होता. तो धडधाकट होता आणि त्याचा दांडा आक्काच्या हाताच्या सवयीचा. प्रश्न एवढाच, की परक्या घरचं इंजिन या घरच्या गिअरबॉक्सला सोयरं कसं करायचं. दोघांची बोल्टांची भोकं जुळेनात. म्हणजे मध्ये एक जाडजूड चकती हवी, एका बाजूला एकाची भोकं आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची. सोयरिकीत मध्यस्थ असतो ना, तसा.

मध्यस्थ घडवणं हे कातारीचं काम. तो लेथपाशी उभा, ॲल्युमिनियमच्या चमकत्या साली पायांशी पडताहेत. पक्कडनं नवं इंजिन लोखंडी घोडीवर चढवलं होतं. रेडिएटरच्या नळ्यांसाठी त्याचं पंख्याच्या पट्ट्याकडचं तोंड भिंतीकडे करावं लागलं. त्यामुळे तिच्यासमोर आलं ते दुसरं टोक, जिथे थाळीएवढं जड चाक असतं आणि जिथे पुढे गिअरबॉक्स जोडला जातो. तिनं इंजिन सुरू केलं. ते पहिल्याच झटक्याला बोलायला लागलं. चाक गरगरलं.

"अगं!" कातारी लेथच्या आवाजावरून ओरडला. "फिरतं कसं ते बघून ठेव! उलटसुलट भानगड नको!"

"घड्याळाच्या काट्यासारखं!"

"मग झालं! जुनंही काट्यासारखंच!"

त्यालाही ते पक्कं ठाऊक होतं. लहानपणापासून तो आक्काच्या गाडीचं मागचं झाकण उघडून पट्टा ताणत आला होता. पट्ट्याचं चाक काट्यासारखं फिरताना त्यानं हजारदा बघितलं होतं. दोघांनी विचारलं, दोघांनी सांगितलं, दोघांचं जुळलं. नवरा-बायकोत असा योग विरळा. दोघंही खूश होऊन कामाला लागली.

चकती बसली, आणि अशी बसली की सांध्यात केस जाऊ नये. पाठीच्या डबीत इंजिन उतरवताना दोघांनी श्वास धरला. पक्कडनं नव्या पट्ट्यावर बोटं सापडू नयेत म्हणून काळ्या पत्र्याचं झाकण ठोकलं. नळ्या, तारा, पेट्रोलची वाट, सगळं एकेक करून जोडत गेली. मध्येच ती मान वर करून घराच्या खिडकीकडे बघायची. खिडकीत आक्काची पाठ दिसायची. इंजिन जागेवर बसवून पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा मात्र त्या पाठीची मान किंचित वळली. किंचितच. पक्कडनं कातारीला कोपरखळी मारली. "बघितलंत?"

"वारा असेल," कातारी म्हणाला, पण तोही बघत राहिला.

*

ठरलेल्या दिवशी हातमोजेवाले साहेब सांगितल्यापेक्षा लवकर आले. त्यांचा सपाट पाठीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. पक्कड त्याच वेळी गाडीखाली आडवी पडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे शेवटचे बोल्ट आवळत होती. मनात होतं, की गाडी आधी ठोकळ्यांवर चढवून चाकं हवेत फिरवून बघावीत आणि मगच आक्काला बोलवावं. पण साहेब अंगणात, आक्का दारात, आणि दारात आलेल्या आक्काला "जरा थांबा" म्हणायची छाती कुणाची? घरातून ती स्वतःहून बाहेर आली होती, हेच मोठं.

गाडी गॅरेजच्या तोंडाशी, नाक अंगणाकडे करून उभी होती. मागे जुन्या टायरांची उतरंड. आक्का आत उतरली. आरसा हलवला, पुन्हा होता तिथे आणला. किल्ली फिरवली. इंजिन जागं झालं. जुनं खाकरत, घसा साफ करत उठायचं. हे एकदम स्वच्छ, गवळणीच्या हाकेसारखं.

आक्कानं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, सवयीनं डोळे समोरच्या फाटकावर लावले, आणि पाय सोडला.

गाडी मागे गेली.

मागे म्हणजे चांगली ऐटीत मागे गेली. टायरांच्या उतरंडीत शेपूट घुसलं, वरचा टायर टपावर पडला, घरंगळत बॉनेटवरून खाली आला आणि साहेबांच्या पायांशी गोल गोल फिरून झोपला.

पक्कड गाडीच्या खिडकीशी धावली.

"रिव्हर्स पडला असेल," पक्कड म्हणाली.

"हयात गेली माझी या दांड्यावर," आक्का खिडकीतून म्हणाली. "पहिलाच होता."

तिनं दांडा हलवून पाहिला. मग मुद्दाम रिव्हर्स टाकला. गाडी टायरांमधून निघून शहाण्या गाईसारखी हळूहळू पुढे आली. अंगणाच्या मधोमध थांबली. आक्कानं दुसरा टाकला, गाडी मागे. तिसरा, मागे, जरा जोरात. साहेब हातमोजे छातीशी धरून पायरीवर चढले. आक्का मान वळवून मागच्या काचेतून बघत होती. अंगणाला तिनं उलटा एक वळसा घातला, मग दुसरा. लिंबाच्या रंगाची गाडी पाठमोरी धावतेय आणि तिचं नाक मागून वरातीतल्या उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं पळत येतंय.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. इथे तर मारुतीही उलटा झाला होता. गाडी राहावी म्हणून सगळं केलं, आणि आता ट्रक दारात असताना, परक्या माणसासमोर, आक्काच्या गाडीचा तमाशा. पक्कडला वाटलं, आक्का उतरेल, "असेल" म्हणेल आणि आत जाऊन पाठ फिरवेल.

आक्का थांबली. इंजिन बंद केलं. उतरली. गाडीभोवती एक चक्कर मारली, कमरेवर हात ठेवून.

"चार गिअर मागे आणि एक पुढे," ती म्हणाली. "का?"

पक्कडला आधी कळलंच नाही आपण काय ऐकलं ते. कातारीला कळलं. त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं आणि उगाच नाक शिंकरलं.

"का गं? मी विचारतेय. असं कसं झालं?"

"इंजिन उलटं फिरत असणार," पक्कड कशीबशी म्हणाली. "पण ते उलटं नाही. मी बघितलंय. काट्यासारखं फिरतं. यांना विचारा!"

"मला काय विचारायचं? तू म्हणालीस काट्यासारखं!"

"आणि तुम्ही म्हणालात जुनंही काट्यासारखं!"

"आहेच मुळी! मी काय आंधळा आहे?"

"मग मी आहे का आंधळी?"

"भांडू नका, भांडण मला कळतं, गाडी कळत नाहीये," आक्का म्हणाली. "दोघांनी जिथे उभं राहून बघितलं होतं, तिथे जाऊन उभे राहा. या जुन्या इंजिनालाच धरून दाखवा. आणि बोटानं दाखवा, तोंड बंद."

ओंडक्यांवरच्या जुन्या इंजिनाच्या पट्ट्याच्या टोकाला कातारी उभा राहिला. पट्टा ताणायला तो नेहमी तिथेच वाकायचा. पक्कड आपोआप दुसऱ्या टोकाला गेली, जड चाकाच्या बाजूला, कारण घोडीवरच्या इंजिनाचं तेच टोक तिच्यासमोर होतं. दोघांनी हवेत बोट धरलं आणि आपापल्या डोळ्यांपुढे काट्यासारखं फिरवलं.

आक्का मध्ये, इंजिनाच्या कुशीला उभी होती. तिला एक बोट वरून पलीकडे जाताना दिसलं आणि दुसरं वरून अलीकडे येताना.

कुणी काही बोलायच्या आत साहेबच पुढे झाले. ते कातारीच्या टोकाला जाऊन वाकले, मग पक्कडच्या टोकाला जाऊन वाकले, मग पुन्हा कातारीच्या. "अहो, पण हे तर..." ते म्हणाले आणि स्वतःचंच बोट फिरवत उभे राहिले.

"दोघांचंही खरं," आक्का म्हणाली. "पण दोन टोकांनी बघितलेलं 'काट्यासारखं' एकमेकांच्या उलटं असतं, म्हणून तर घोळ झाला. एकाचं जरी खोटं असतं ना, तर सापडला असता."

"एका आत्म्याची दोन शरीरं म्हणे," कातारी पुटपुटला. "आणि तोंडं दोन दिशांना."

"काय?"

"काही नाही. पुढचं पाठ, मागचं सपाट, म्हटलं."

आणि मग आक्का हसली. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग भिंतीला टेकून. हसता हसता तिनं ताल धरला आणि तिथल्या तिथे रचून म्हटलं:

*निघाले मी पुढं पुढं, वाट चालली उलटी;*
*भावजय माझी गुणी, तिची न्यारीच हातोटी!*

पक्कडच्या डोळ्यांत पाणी होतं. टोमणा इतका गोड लागेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला. "मग... आता? ठरल्याप्रमाणे..."

"ठरल्याप्रमाणे मी चालवून बघायची होती," आक्का म्हणाली. "ही चालवणी झाली का? हा तर पाळणा झाला. चला आत. मला आधी हे कळू द्या."

*

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पक्कडनं एक जेवायची थाळी आणि एक तेलाची रिकामी बाटली मांडली. भर दुपार होती. खिडकीतून आलेलं ऊन थाळीवरून छताला लागत होतं.

"ही बाटली म्हणजे गिअरबॉक्समधून येणारा दांडा," तिनं बाटली आडवी धरली, तोंड आपल्याकडे. "ही थाळी म्हणजे क्राऊन. दातेरी मोठं चाक. हिच्या जोरावर गाडीची चाकं फिरतात. थाळी बाटलीच्या कुशीला टेकून उभी असते. आक्का, धरा."

आक्कानं थाळी बाटलीच्या डाव्या अंगाला उभी धरली. पक्कडनं बाटली फिरवली. थाळी फिरली, पण डगमगून पडली.

"मधोमध कुणीतरी बोट लावा. आस हवा तिला."

साहेब पुढे झाले, थबकले, आणि त्यांनी हातमोजे काढले. काढून खिशात नीट घडी करून ठेवले. त्यांची बोटं लांब आणि आश्चर्य वाटावं इतकी तरुण होती. थाळीच्या मध्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"आता बघा. बाटली फिरते, तिची डावी कड वर चालली आहे. थाळीला ती वर लोटते."

थाळी फिरली.

"आणि उजवी कड?" आक्कानं विचारलं.

"तुम्हीच सांगा."

आक्का बाटलीवर वाकली. नाक जवळजवळ लागलं. "डावी वर चालली आहे, म्हणजे उजवी खाली येणार. येणारच. दुसरं जाईल कुठे?" ती एकदम सरळ झाली. "म्हणजे थाळी उचलून या अंगाला लावली तर ती उलटी फिरेल! इंजिन उलटं असू दे नाहीतर सुलटं!"

"थांबा, थांबा, मी लावतो," साहेब म्हणाले.

त्यांनी थाळी उजवीकडे नेली. बाटली तशीच फिरली. थाळी उलटी गेली. ते इतके खूश झाले, की त्यांनी पुन्हा डावीकडे नेली, पुन्हा उजवीकडे. कातारी म्हणाला, "साहेब, जेवायला लागेल ती थाळी."

"पण जागा आहे का?" आक्कानं पक्कडला विचारलं. "त्या डब्यात, उजव्या अंगाला?"

पक्कडनं खरं ते सांगितलं. "माहीत नाही. हा गिअरबॉक्स मी कधी उघडलेला नाही. काहींत असते, काहींत नसते. नसली तर इंजिन उतरवायचं आणि तुमची गाडी साहेबांची."

"मग बसलीस काय? उघड."

*

गिअरबॉक्स उघडला तेव्हा आक्का बाकावर नव्हती, खिडकीत नव्हती. ती जुन्या गोणपाटावर मांडी घालून दिवा धरून बसली होती, आणि तिच्या प्रश्नांनी पक्कडला घाम फुटला होता. हे तेल काळं आणि ते पिवळं का? हा दात तिरका का कापलाय? सरळ कापला असता तर गाडी रडली असती का? कातारी म्हणाला, "घ्या. मागून घेतलेलं दुखणं."

क्राऊनच्या दुसऱ्या बाजूला जागा होती. इतकीशी, पण होती. जुन्या काळच्या त्या हिशेबी माणसानं डबा दोन्ही अंगांनी सारखा ओतला होता. का, ते कुणाला कळलं नाही. त्यावर आक्का आणि साहेब यांचा वाद झाला, आणि साहेब त्यासाठी पुन्हा एकदा आले. क्राऊन पलटला. त्याला बसवायला लागणारं कडं कातारीनं नव्यानं कातलं, आणि या खेपेला फिरण्याची दिशा त्यानं खडूनं बाण काढून दाखवली, बाणाखाली 'मी इथे उभा आहे' असंही लिहिलं. गाडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं हवेत फिरवली. पुढे म्हणजे पुढे.

मग ट्रक पुन्हा गल्लीच्या तोंडाशी लागला.

आक्का एकटी गेली. फाटकातून बाहेर पडली, गल्ली ओलांडली, मोठ्या रस्त्याला लागली. आवाज दूर गेला, पातळ झाला, मिटला. अंगणात तिघं उभी राहिली. साहेबांचे हातमोजे खिशातून डोकावत होते. पक्कडला वाटलं, सरकन वेळ जावा. आणि वाटलं, जाऊ नये.

आवाज परत आला. गाडी फाटकातून आत शिरली आणि थांबली. आक्का उतरली नाही. काचेवर कोपर टेकवून बसली.

"ही ती गाडी नाही," ती म्हणाली.

तोंडदेखलं हो म्हणणार नाही, असं आक्का म्हणाली होती, आणि आक्का शब्दाची होती. पक्कडनं मान खाली घातली. "बरं," ती म्हणाली. "मी इंजिन उतरवते."

"ऐकून तर घे. ती मला पाठ होती. कुठल्या चढाला कुरकुरेल, कुठल्या वळणाला शेपूट टाकेल, सगळं. डोळे मिटून चालवली असती. ही निराळीच आहे. हिचं शेपूट हलकं झालंय, वळणात मी सावरायला हात टाकला तर तिला सावरायचंच नव्हतं. दुसऱ्या गिअरात मध्येच कुठेतरी गुणगुणते. का, ते मला सांगता येत नाही." आक्कानं स्टिअरिंगच्या चाकावरून तळवा फिरवला. "आता जी माहीतच नाही, ती दुसऱ्याच्या घरी कशी देऊन टाकू? आधी कळू तर दे, ही कोण आहे ते."

"पण ठरलं होतं, की तुमची वाटली तरच..."

"ठरवताना मी म्हातारी होते," आक्का म्हणाली.

मग ती साहेबांकडे वळली. "तुम्हाला रिकामं पाठवणार नाही. ते कोपऱ्यातलं मूळ इंजिन घेऊन जा. त्याची शर्यत पूर्ण झाली. त्याला मांडा, पुसा, लोकांना सांगा. आणि मांडाल तेव्हा दोन्ही टोकांनी बघता येईल असं मांडा. भिंतीला लावू नका."

साहेब क्षणभर ट्रककडे बघत राहिले. मोठा होता ट्रक एका इंजिनासाठी. मग ते म्हणाले, "दोन्ही टोकांना पाटी लावीन," आणि हातमोजे न घालताच ओंडक्यांवरचं इंजिन उचलायला कातारीच्या मदतीला गेले.

"तू काय उभी आहेस खांबासारखी?" आक्का पक्कडवर खेकसली. "बस आत. ते गुणगुणणं ऐकायला दुसरे कान हवेत."

पक्कड बसली, म्हणजे आधी कंबर विसरली, मग पाय, मग उरलेली. गाडी गल्लीतून निघून मोठ्या रस्त्याला लागली, आणि मोठा रस्ता सोडून टेकडीच्या वाटेला. दोन्ही बाजूंना उंच गवत होतं आणि गाडी इतकी खाली, की गवताचे तुरे त्यांच्या डोक्यांवरून जात होते. पहिलं वळण आलं. आक्कानं दुसरा टाकला, वळण घेतलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं. गिअरबॉक्स नाही तो."

"मग?"

"माहीत नाही."

"झाकणाचा पत्रा थरथरत असेल?"

"पत्रा असता तर तडतडला असता. हे गोड आहे."

"मग परत घेऊ ते वळण," म्हणून आक्कानं गाडी फिरवली. खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. गुणगुणणं होतं तसंच होतं, बरोबर वळणाच्या पोटात, दुसऱ्या गिअरातच. पक्कडनं एकदा दाराला कान लावला, एकदा सीटच्या पाठीला. घरी कातारीनं जेवण मांडलं असणार आणि ते थंड होत असणार, हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणी बोललं नाही. आक्कानं तिसऱ्यांदा गाडी वळणाला घातली. दोघींचे चारही कान पाठीकडे लागलेले.